वस्तरा खाली ठेवून विचारलेला प्रश्न

प्रौढ वर्गात अक्षरे शिकल्यानंतर या ओळी लिहिणाऱ्याने रस्त्यात उभे राहून वाचलेली पहिली पाटी एका केशकर्तनालयाची होती. वाचन अंमळ मोठ्याने झाले, त्यामुळे आतून आरोळी आली, "शाब्बास! आता आत येऊन आरशावरचंही वाचा!" आरोळी देणारे गृहस्थ म्हणजे रेडिओभाऊ. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी बहाल केले होते. फरक एवढाच, की रेडिओ बंद करता येतो.

भाऊंची कात्री आणि जीभ एकाच वेळी सुरू होत असे, मात्र थांबत असे ती कात्रीच. त्यांच्या पत्नी, म्हणजे सर्वांच्या वहिनी, बाकाजवळ बसून टॉवेलांच्या घड्या घालीत. समोर नवे दुकान उघडले आणि बाक रिकामा दिसू लागला, तेव्हा एका दुपारी वहिनींनी घडी अर्धवट टाकली.

"अहो, गिऱ्हाइकं केस कापायला येतात, कान किटवून घ्यायला नाही. तुमच्या तोंडाच्या पट्ट्यानेच पळाली सगळी."

"अगं, माझ्या गप्पांसाठीच येतात ती! केस काय, कुणीही कापेल."

"मग दाखवा सिद्ध करून."

"दाखवतो! हरलो तर खुर्चीमागे जन्मभर मिठाची गुळणी धरून उभा राहीन."

शब्द तोंडातून निसटला आणि भाऊंनी जीभ चावली. गप्पांवाचून दुकान म्हणजे त्यांच्या लेखी नुसती केसांची रास.

त्यांची लेक कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. तिने रीत सांगितली: आधी प्रत्येकाची परवानगी घ्यावी, कोणाशी बोलायचे नि कोणाशी नाही हे नाणे उडवून ठरवावे, शेवटी मत विचारावे. भाऊंना धीर कुठला! दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमी येणाऱ्या घड्याळजींची दाढी अर्धी झाली असताना त्यांच्या गळ्याशी वस्तरा टेकवला आणि गोड आवाजात विचारले, "काय हो, माझ्या प्रयोगात भाग घ्याल ना? अगदी आनंदाने?"

घड्याळजींनी ओठ न हलवता "हो" म्हटले. त्या दिवशी सगळ्यांनीच हो म्हटले, आणि गप्पा फार आवडल्याचेही एकमुखाने सांगितले. भाऊ अक्षरशः नाचत घरी आले.

लेकीने विचारले, "बाबा, विचारताना हातात काय होतं?"

"वस्तरा."

"आणि तो कुठे होता?"

"गळ्या... अगं, पण अगदी हलका धरला होता!"

मायलेकी हसून हसून भिंतीला टेकल्या. लेक डोळे पुसत म्हणाली, "ही परवानगी नव्हे, बाबा, हा दरोडा झाला! ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याचा हो काय कामाचा? सगळं रद्द."

"पण मी जिंकलो होतो गं!"

"तरीही रद्द."

मग प्रयोगाची मांडणी नव्याने झाली. परवानगी वहिनींनी बाकापाशीच विचारायची, तीही रिकाम्या हातांनी. नको म्हणणाऱ्याचे केसही तितकेच नीट कापले जातील, हे आधी सांगायचे. मध्येच कंटाळा आल्यास चादरीतून हात बाहेर काढायचा, की प्रयोग संपला. दाराशी पडद्याआड दोन बरण्या ठेवल्या, एक गप्पांची आणि एक शांततेची. आपल्या बरणीत आवडल्यास पांढरे बटण टाकायचे, न आवडल्यास काळे.

नाण्याने पहिल्याच गिऱ्हाइकाला, बेकरीवाल्याला, शांतता दिली. भाऊंचे गाल फुगले, कान लाल झाले, आणि अखेरीस त्यांना उचकी लागली. टॉवेलात तोंड खुपसून वहिनी गदगदा हलत होत्या. चादरीतून तत्काळ हात बाहेर आला.

"थांबवा हो वहिनी, माणूस फुटेल!"

"थांबवला," वहिनी म्हणाल्या, आणि भाऊ असे सुटले की बेकरीवाल्याने दुसराही हात बाहेर काढला.

त्यानंतर घड्याळजी आले; नाण्याने त्यांनाही शांतताच दिली. वर्षानुवर्षे ते डोळे मिटून बसत आले होते. या खेपेला बोलणे ऐकू येईना, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला, घसा खाकरला आणि ते स्वतःच बोलू लागले. सगळीकडे उशिरा पोहोचणारा घड्याळवाला आपणच, असे ते म्हणाले, कारण आतली चाके पाहिल्यापासून त्यांचा एकाही घड्याळावर विश्वास उरला नव्हता. सासऱ्यांनी दिलेले घड्याळ तर त्यांनी भीतीपोटी कधी उघडलेच नव्हते. भाऊंना हसण्यापायी कात्री खाली ठेवावी लागली.

अखेर बरण्या वर्तमानपत्रावर उपड्या केल्या. गप्पांच्या बरणीतून काळ्या बटणांचा ढीग पडला, शांततेची बटणे जवळजवळ सगळी पांढरी. भाऊंनी बटणे पुन्हा एकदा मोजली.

"जन्मभर वगैरे राहू द्या हो," वहिनी हळूच म्हणाल्या. "रागात बोलले मी."

भाऊंनी नकारार्थी मान हलवली. शब्द तो शब्द. मात्र त्यांच्या डोळ्यांत काहीतरी मिश्कील चमकत होते.

पुढच्या खेपेला घड्याळजी खुर्चीत बसले, तेव्हा भाऊंनी कात्री, वस्तरा, सगळे फळीवर ठेवले. ते खुर्चीसमोर आले आणि रिकामे हात जोडून म्हणाले, "मी गप्प राहतो. तेवढं तुम्ही बोलाल का?"