गोजाबाईच्या विहिरीची चौथी पायरी

गोजाबाईचं आणि माझं पहिलं भांडण झालं छप्पन साली, चाकणच्या अलीकडच्या ओढ्यावर आम्ही मातीचं धरण बांधत होतो तेव्हा. मी चोवीस वर्षांचा ओव्हरसियर, डोक्यावर नवीकोरी हॅट आणि हॅटखाली फारसं काही नाही. गोजाबाई चाळिशीची, विधवा, माती तुडवणाऱ्या बायांपैकी एक. धरणाच्या खालच्या अंगाला तिचं दीड एकर रान होतं आणि रानात पायऱ्यांची विहीर. ही विहीर भर उन्हाळ्यातही आटत नसे, त्यामुळे गावात त्या घराला मान होता.

मातीच्या धरणात पाणी भिंतीतून पळतं त्याहून जास्त पायाखालून पळतं. म्हणून भिंतीच्या आधी खाली लांबलचक चर खणायचा, पक्का कातळ लागेपर्यंत, आणि तो काळ्या मातीने थरावर थर तुडवत भरायचा. आमच्या चरात झिरपणारं पाणी इंजिनाने उपसत आम्ही खणत होतो, वीस फुटांवर काळा दगड लागला. पहार मारली तर खणखणला. मे महिना लागला होता, निम्मे मजूर पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर निघून गेले होते आणि मला पावसाची धास्ती होती. मी माती टाकायचा हुकूम दिला.

गोजाबाई चरात उतरली आणि तुडवायचं सोडून नुसती उभी राहिली.

"सायेब, ह्यो कातळ न्हाई. मोठा धोंडा हाय. खालनं पाणी जातंय."

"तुम्हाला दिसतं वाटतं दगडाच्या खालचं?"

"माझ्या हिरीत दिसतंय. तुमचं इंजिन हितलं पाणी उपसतंय तवा माझी चौथी पायरी उघडी पडती. बाजारादिवशी इंजिन बंद, तवा पायरी बुडती."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उद्यापासून कामावर येऊ नका, असं मी सगळ्यांदेखत सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन चरात त्याच दगडावर उभी होती. तिसऱ्या दिवशीही. तिचं बघून बाकीच्या बायाही पाय लावेनात.

शेवटी केवळ तिला खोटं पाडायचं म्हणून मी भर दुपारी इंजिन बंद करायला लावलं आणि तिच्या विहिरीत उतरून बसलो. चौथी पायरी कोरडी ठणठणीत होती. ऊन कलतं झालं तसं पाणी तिच्या कडेला लागलं आणि दिवस मावळायच्या आत पायरी दिसेनाशी झाली. माझा चेहरा खर्रकन उतरला.

वर काठावर गोजाबाई आणि तिचा दीर उद्धवराव उभे होते. उद्धवराव चिडला होता. "वैनी, गप ऱ्हायली असतीस तर धरणाचा पाझर बारा महिनं आपल्याच हिरीत आला असता. आता आपल्याला काय उरलं?"

त्याचं म्हणणं खरं होतं. मी तिला विचारलं, "खाली खणलं तर तुमची विहीर जाईल. ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय," ती म्हणाली. "सायेब, मागं आमच्या रानाच्या बांधाला खेकड्याचं बीळ पडलं हुतं. बोटाएवढं. आमी म्हनलं, ऱ्हाऊ दे, खालच्या वाफ्याला पाणी मिळतंय. एका रातीत बांध गेला, भात गेलं. ह्या धरणाखाली गाव हाय."

उद्धवराव पाठ फिरवून घराकडे चालू लागला.

आम्ही तो धोंडा सुरुंग लावून फोडला. खाली सहा फूट गोटे आणि वाळू, त्यातून झुळझुळ पाणी. एखादा जुना ओढा गाडला गेला असावा. त्याच्या खाली खरा कातळ. इंजिन रात्रंदिवस चालवून आम्ही तळ कोरडा ठेवला आणि तिथला पहिला थर गोजाबाईने तुडवला. "अजून पाणी मारा," "ढेकूळ ऱ्हायलं," असं ती मलाच फर्मावत होती आणि मी निमूटपणे ऐकत होतो.

भिंत पुरी झाली. पावसाळ्यात धरण भरलं. त्यानंतर मला झोप लागेना. भिंतीच्या पायथ्याशी रोज चालत मी ओल शोधायचो, सापडायची नाही, तरी धीर यायचा नाही. पाया धरला की नाही हे जमिनीत शिरून कोण बघणार?

मार्गशीर्षात एका सकाळी गोजाबाई बादली घेऊन आली आणि तिने ती माझ्यासमोर उलटी केली. दगडाची एक कपची आणि मूठभर सुकी माती खाली पडली.

"तळ लागला," ती म्हणाली. "वर धरण काठोकाठ, खाली माझी हीर कोरडी. आता तरी झोपा."

हे म्हणता म्हणता तिला रडू आलं. सासऱ्याने बांधलेली विहीर होती ती. मला लाज वाटली आणि आनंदही झाला, आणि त्या आनंदाचीच जास्त लाज वाटली. मी काहीतरी बोलणार होतो, पण तिने डोळे पुसले, तीच बादली उचलली आणि पाणी आणायला धरणाची भिंत चढू लागली.