चाळीसपर्यंत मोजणाऱ्या बाई

इस्पितळाच्या प्रयोगशाळेमागे एक लांबट खोली आहे. तिथले कॉम्प्युटर सांभाळायला लागून बाईंना आता बावीस वर्षं झाली. हुद्दा ऑपरेटरचा, पण साहेबांपासून सफाईवालीपर्यंत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. रक्त तपासणाऱ्या यंत्रांतून निघालेले आकडे वॉर्डातल्या डॉक्टरांच्या पडद्यावर पोचवणारे अकरा लहान प्रोग्राम त्या खोलीत अखंड चालू असतात. त्यातला एखादा मधेच रुसून बसतो. मग बाईंनी तो बंद करायचा आणि पुन्हा सुरू करायचा. काम म्हणाल तर एवढंसं, पण कधी निघेल याचा नेम नाही. पोळ्या लाटताना फोन, केसांना साबण लावलेला असताना फोन. "बाई, तिसरं अडकलंय हो!" नवरा म्हणायचा, "तुझं खरं सासर इस्पितळात. इथे तू माहेरपणाला येतेस."

पहिली काही वर्षं बाई या चेष्टेवर हसायच्या. अलीकडे नुसतं "हं" म्हणून चपला घालायच्या.

या वर्षी इस्पितळाने त्या प्रोग्रामांवर देखरेख ठेवणारं नवं साधन घेतलं. दिसायला काहीच नाही, काळा पडदा आणि त्यावर टाइप करायचे तीन शब्द. एका शब्दाने कुठलाही प्रोग्राम सुरू, एकाने बंद, एकाने सगळ्यांची हजेरी. मुख्य म्हणजे एखादा प्रोग्राम आपोआप पडला, तर हे साधन कुणाला न विचारता त्याला उठवून पुन्हा कामाला लावणार. पण ते ताब्यात घेण्याआधी इस्पितळाच्या माणसाने स्वतःच्या हाताने बासष्ट तपासण्या करायच्या, प्रत्येकीपुढे 'पास' किंवा 'नापास' लिहायचं आणि शेवटी सही करायची, अशी अट होती. तो माणूस म्हणजे बाई. हाताशी मामा, म्हणजे दुसऱ्या पाळीचे ऑपरेटर. निवृत्तीला चार महिने राहिलेले, भाचा एकही नाही, तरी जगाचे मामा.

साहेब म्हणाले होते, "शुक्रवारी संपवा, सही करा आणि सोमवारपासून महिनाभर रजेवर जा. फोन बंद ठेवलात तरी माझी ना नाही."

फोन बंद ठेवा, असं बावीस वर्षांत बाईंना कुणी म्हटलं नव्हतं. आणि रजा हवी होती ती लोळायला नव्हे. परगावी राहणाऱ्या त्यांच्या मोठ्या बहिणीचं, ताईचं, गुरुवारी गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. ताईच्या घरात दुसरं माणूस नाही. "तू येणार ना गं नक्की?" हे तिने तीनदा विचारलं होतं, आणि ताई कुठलीच गोष्ट दोनदा विचारणाऱ्यातली नव्हे.

शुक्रवारी दुपारी तीनला बासष्टच्या बासष्ट तपासण्या पास होत्या. साधन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर बॅग भरत होता. आता राहिलं होतं ते शेवटच्या पानावर प्रत्येक तपासणीची वेळ उतरवणं. साधन आपल्या नोंदीत प्रत्येक कमांडची वेळ सेकंदासकट टिपून ठेवतं. तीच बघून लिहायची.

एक्केचाळिसाव्या तपासणीशी बाईंचं पेन थांबलं.

तपासणी होती, 'प्रोग्राम बंद करून ताबडतोब सुरू करणे.' दहा वेळा केली, दहाही वेळा पास. पण नोंदीत बंद आणि सुरू यांच्यामधलं अंतर होतं चाळीस सेकंद. पुढच्या वेळी एक्केचाळीस. मग एकोणचाळीस. मग पुन्हा चाळीस.

"मामा, इकडे या जरा. हे ताबडतोब का?"

मामांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "च्! आपण थांबलो की काय?"

थांबलेच होते. जुन्या प्रोग्रामला बंद हो म्हटलं, तरी हातातलं आवरून जागा सोडायला त्याला अर्धंपाऊण मिनिट लागतं. त्याआधी दुसरा सुरू केला, तर दोघं एकमेकांच्या पायात येतात. हे बाईंना पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हापासून बंद केलं की मनात चाळीसपर्यंत मोजायचं, मग सुरू. कुकरची वाफ जिरल्याशिवाय कुणाचा हात झाकणाला लागत नाही, तितकंच ते अंगवळणी पडलेलं. कुठे लिहून ठेवलं नाही, कुणाला सांगितलं नाही. मामांनी नुसतं बघून उचललं. चाचणीच्या वेळीही बाईंनी आपल्या प्रत्येक खेपेला चष्मा पुसला होता, पाण्याचा घोट घेतला होता, आणि आपण थांबतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"पुन्हा करून बघते," बाई म्हणाल्या.

"बाई, पास झालंय ना ते?" इंजिनियर म्हणाला.

"माझा हात पास झालाय. तुमचं साधन कुठे झालंय?"

पण हात ऐकेना. पहिल्यांदा बंद केलं आणि बोट आपोआप वर उचललं गेलं. दुसऱ्यांदाही तेच. मामा म्हणाले, "सरक, मी करतो," आणि तेही वीसपर्यंत मोजून बसले. शेवटी बाईंनी दोन्ही कमांड आधीच एका ओळीत टाइप केल्या आणि डोळे मिटून बटण दाबलं.

पडद्यावर आलं, 'चालू'. बाईंनी नमुन्याचा एक अहवाल सोडला आणि वॉर्डात फोन लावला. "सिस्टर, पडद्यावर काही आलं?" नाही आलं. पाच मिनिटांनी विचारलं, तरी नाही. आत प्रोग्राम मरून पडला होता आणि साधन बिनदिक्कत 'चालू' म्हणून सांगत होतं.

इंजिनियर खुर्चीत बसला. माणूस वाईट नव्हता, तोही आठवडाभर उपाहारगृहाचं जेवून कंटाळला होता. "पण असं करणार कोण, बाई? तुम्ही लोक तर थांबताच."

"आम्ही थांबतो. एखादा प्रोग्राम पडला आणि तुमचं साधन त्याला आपणहून उठवायला गेलं, तर ते थांबेल?"

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणाला, "एक करू या. 'पास' राहू द्या, खाली शेरा मारा. पंधरा दिवसांत मी दुरुस्ती पाठवतो. नापास लिहिलंत तर मला इथेच थांबून दुरुस्ती करावी लागेल आणि नियमाप्रमाणे सोमवारपासून बासष्टच्या बासष्ट पुन्हा, म्हणजे दोन आठवडे. तुमची रजा जाईल."

"मार शेरा," मामा म्हणाले. "मी आहे ना इथे. तू जा बहिणीकडे."

बाईंनी त्या काळ्या पडद्यावरच्या 'चालू'कडे पाहिलं. पंधरा दिवस हे साधन असंच चालणार. वॉर्डातले डॉक्टर त्या शब्दावर विसंबून कालचेच आकडे आजचे म्हणून वाचणार. मामा बसून बसून किती बसणार? आणि ते घरी गेल्यावर कोण?

त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि ताईला फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे येत नाहीस."

"दोन आठवडे गं. तारीख पुढे नाही का जाणार?"

"दवाखाना काय माझ्या बापाचा आहे?" ताई म्हणाली. "शेजारीण येते म्हणालीय सोबत. बडबड फार करते, पण येते. तू नंतर ये. तोवर मी चालायला लागेन, मग आपण दोघी फिरायला जाऊ."

यात राग किती आणि चेष्टा किती, हे बाईंना उमगलं नाही. विचारायचं त्राणही नव्हतं.

आत येऊन त्यांनी एक्केचाळिसाव्या ओळीतलं 'पास' खोडलं आणि 'नापास' लिहिलं. शेजारी रकाना होता, 'आधी दोष का आढळला नाही'. तिथे त्यांनी लिहिलं, 'तपासणारी व्यक्ती सवयीने चाळीस सेकंद थांबत होती.' खाली सही केली.

मामा मागून वाचत होते. "दहातल्या तीन खेपा माझ्या होत्या," ते म्हणाले. "'व्यक्ती'चं 'दोन व्यक्ती' कर." बाईंनी तसं केलं, तेव्हा त्यांनी पेन घेऊन आपलीही सही खाली ठोकली.

इंजिनियरने बॅगेतून तपासणीच्या कोऱ्या तक्त्यांचा नवा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी त्यातला पहिला ओढला आणि वर सोमवारची तारीख घातली.