कुंकू नसलेल्या पेट्या

ती गोष्ट अजून आठवते, आणि आठवली की आधी मलाच हसू येते. तेव्हा मी कुंभकोणमला इन्स्पेक्टर होते. चाळिशीची, कडक इस्त्रीची, आणि आपल्याइतके शहाणे जिल्ह्यात कोणी नाही अशी खात्री असलेली.

देवळांतल्या मूर्ती चोरून बाहेर पाठवणारा एक परदेशी व्यापारी आमच्या हातावर तुरी देऊन पळाला होता. दिखाव्यापुरता तो दवाखान्याच्या यंत्रांचा धंदा करी. इथल्या एका समईवाल्याच्या गोदामातून पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास आम्ही त्याच्या बावीस पेट्या जप्त केल्या. आत शस्त्रक्रियेचे दिवे आणि निर्जंतुक करायची यंत्रे. पुढे समुद्रापलीकडे लढाई पेटली, तेव्हा कोर्टाने हा माल तिथल्या जखमींसाठी द्यायचे ठरवले आणि कोणाची हरकत असल्यास कळवा अशी नोटीस काढली. तिकडच्या तंबूतल्या इस्पितळात जाणारी एक डॉक्टरीणबाई दर मंगळवारी पेट्यांसाठी ठाण्यात येऊन बसे. तिकडे दातांत टॉर्च धरून टाके घालतात, म्हणे.

नेमकी समईवाल्याने हरकत घेतली. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या आयुधपूजेआधीच पेट्या आपण विकत घेतल्या, जप्तीच्या वेळी भीतीने बोललो नाही, असे सांगून त्याने पावती पुढे केली.

गोदामाच्या कोपऱ्यावरची फुलवाली मला बाजूला घेऊन म्हणाली, पावतीवरचा शिक्का मागच्या आठवड्यात बनला. शिक्केवाला मात्र कानांवर हात ठेवून मोकळा झाला. मग मी शाई तपासली, सही तपासली, अक्षरतज्ज्ञाला पत्र धाडले. समईवाल्याला बोलावून टेबलावर हात आपटला. तोही आमच्यासारखाच पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहून घरी मराठी बोलणारा. तीन कॉफ्या प्याला आणि माझ्या माहेरची खुशाली विचारून घरी गेला. हात माझाच सुजला.

सुनावणी तीन दिवसांवर आली आणि मध्ये आयुधपूजा. ठाण्यात रायफली, जीप, टाइपरायटर, सगळ्यांना चंदन-कुंकू लागले. आमचे एट्टय्या, म्हणजे म्हातारे हेड कॉन्स्टेबल, वाटी घेऊन फिरत होते. मुद्देमालाच्या खोलीपाशी ते थबकले. “इथेही लावून टाका,” मी हुकूम सोडला.

“तो माल आपला नव्हे, अम्मा,” ते शांतपणे म्हणाले. “परक्याच्या वस्तूला कुंकू कोण लावतो?”

मी फाइल उघडली. पंचनाम्याचे फोटो नऊ महिने माझ्याच काखेत होते. समईवाल्याचा तराजू, शिडी, तुटके स्टूल, सगळ्यांवर आदल्या पूजेचे वाळलेले टिळे. मध्ये बावीस पेट्या, धुतल्या तांदळासारख्या.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावले. या वेळी कॉफी मीच ओतली आणि पूजा कशी झाली ते विचारले. गडी खुलला. आमच्याकडे झाडूसुद्धा सुटत नाही अक्का, वडिलांपासूनची रीत, असे अभिमानाने सांगू लागला. मी फोटो पुढे सरकवला.

“मग या का सुटल्या?”

त्याने फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. मग अगदी खरेपणाने म्हणाला, “साहेब रागे भरला असता की, अक्का. पेट्या त्याच्या होत्या.”

बोलून झाल्यावर त्याला कळले. एट्टय्या खोकला काढत बाहेर गेले. पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मला माहीत होते. पण तशी वेळच आली नाही. सुनावणीला त्याने स्वतःच हरकत मागे घेतली. खोट्या पावतीचा खटला त्याच्यावर चालला, तो वेगळा.

या तपासाने मला शिकवले ते एवढेच: दरडावले की माणूस तोंड मिटतो, त्याच्या घरची रीत विचारली की थांबता थांबत नाही. नातवंडांवरही मी हीच युक्ती चालवते. सून म्हणते, घरात चौकी बसली.

पेट्या नागपट्टणमहून जहाजाने गेल्या. महिन्याने डॉक्टरीणबाईचे पत्र आले. दिव्याचे बटण शोधण्यात अर्धा दिवस गेला, असे तिने लिहिले होते. त्या रात्री त्याच उजेडात तिघांच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि आता तिघेही इस्पितळाच्या जेवणाला नावे ठेवत आहेत.