आली की आल्या

फोन मुलाचा होता. आईने आठवणी लिहिल्यात, पंच्याहत्तरीला छापून नातेवाइकांत वाटायच्यात, आपण फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा, बाकी काही नाही. मी मुद्रितशोधनाची कामं घरून करते. 'बाकी काही नाही' म्हणणाऱ्या माणसाचं काम घेऊ नये, एवढं मला एव्हाना कळायला हवं होतं. घेतलं.

मी चंद्रपूरकडची. पुण्यात शिकायला आले तेव्हा 'मी आली, मी गेली' असं बोलायचे आणि हॉस्टेलवरच्या मुली माझी नक्कल करून पोट धरधरून हसायच्या. तो राग मी व्याकरणावर काढला. आज पुणेकरांच्या चुका काढून जगते आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला आसुरी आनंद मिळतो. या बाईंनी तर पर्वणीच दिली होती. पानोपानी 'सासूबाई आली', 'सासूबाई म्हणाली', 'तिने सांगितले'. जुन्या पुण्यातलं घराणं, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं, आणि सासूला चक्क एकेरी! मी सगळीकडे आदरार्थी करून टाकलं. आल्या. म्हणाल्या. त्यांनी. एक जागा सोडली नाही.

आठवड्याने कर्वेनगरला त्यांच्या घरी बोलावणं आलं.

"बेल एकदा वाजवली तरी ऐकू येते आम्हाला," दार उघडत बाई म्हणाल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही. टेबलावर माझी तपासलेली पानं होती आणि शेजारी मुलगा मोबाइलमध्ये मान घालून बसला होता.

"हे करायला कोणी सांगितलं होतं आपल्याला?"

"'सासूबाई आली' हे चूक आहे," मी म्हटलं. "आपण तर शिकवायचात."

"अहो, मला चूक-बरोबर नका सांगू. एकोणतीस वर्षं तिच्या तोंडावर आल्या-गेल्या केलं. ती मला 'अगं ए' म्हणून हाक मारायची. आता पुस्तक माझं आहे."

मुलगा वर न बघता म्हणाला, "आई, आत्या वाचणार आहे हे. मॅडम, आदरार्थीच राहू द्या."

मला जोर चढला. घरात काय ते ठरवा, पण माझ्या हातून 'सासूबाई आली' छापलं जाणार नाही, असं मी ऐकवलं. बाईंनी गठ्ठ्यातून एक पान काढून माझ्यासमोर सरकवलं.

"वाचा. मोठ्याने."

मी वाचू लागले. "त्या दिवशी सासूबाईंनी सवाष्णी जेवायला बोलावल्या होत्या. सकाळीच माझे वडील गेल्याची तार आली. त्यांनी ती पिठाच्या डब्याखाली ठेवली. मला कळलं असतं तर तीन दिवस सुतक लागलं असतं, मग पुरणपोळ्या कोणी लाटल्या असत्या? शेवटची पंगत उठल्यावर त्यांनी तार माझ्या हातात दिली."

दोन्ही 'त्यांनी' माझ्या हिरव्या शाईतले होते. मजकूर मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. आठ दिवसांपूर्वी याच ओळींमधलं 'तिने' खोडून मी पुढे गेले होते आणि बाप गेलेला असताना पोळ्या लाटत बसलेली सून मला दिसली नव्हती. माझी मलाच लाज वाटली. ती अशी पोराच्या देखत काढल्याबद्दल बाईंचा रागही आला.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "हिला मी 'त्यांनी' म्हणू?"

मुलानेही ते पान आधी वाचलेलं नसावं. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. आत्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी तिथेच बसून माझ्या दुरुस्त्या एकेक करून खोडल्या. बाई समोर बसून पहारा देत होत्या. शेवटच्या प्रकरणात 'सासूबाई गेल्या' असं दिसलं. तिथे माझी शाई नव्हती, बाईंनीच तसं लिहिलं होतं. अख्ख्या पुस्तकात सासूला दिलेला तेवढाच मान.

"हे एक राहिलंय," मी म्हटलं. "'गेली' करू ना?"

"नको," त्या फटकन म्हणाल्या. "'ती गेली' म्हटलं की आपलं माणूस गेल्यासारखं वाटतं. त्या गेल्या."