अक्कांच्या मोटारीचं टॉनिक

धुळ्याला अक्कांच्या दवाखान्यात नर्सच्या कामासाठी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला अक्कांचे फक्त पाय दिसले. बाकी सगळ्या अक्का मोटारीखाली होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "बाळंतपणं किती केलीस?"

"चाळीस."

"त्यांत घाबरलीस किती वेळा?"

"चाळीस वेळा."

मोटारीखालून खदखदून हसणं ऐकू आलं. "मग ये उद्यापासून. आता तो पाना दे इकडे."

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. अक्का चोपड्याकडच्या शेतकऱ्याची लेक. मुंबईला शिकून डॉक्टर झाल्या आणि एक जुनी मोटार घेऊन खेडोपाडी बाळंतपणं करत फिरू लागल्या. माझ्याशी त्या शहरी मराठी बोलत, पण खेड्यातल्या बाईच्या उशाशी बसल्या की अहिराणीवर येत. "घाबरू नको माय, मी शे ना," एवढं म्हटलं की बाईचा चेहरा सैल पडायचा.

मोटार मात्र फार छळायची. तेव्हा पेट्रोल डब्यांतून यायचं. डब्यातला गंज आणि तळाचं पाणी सरळ टाकीत जायचं. मग जरा चढ लागला की गाडी आचके देत उभी राहायची. अशातच मुंबईचा एक विक्रेता पेटीभर बाटल्या घेऊन दवाखान्यात आला. "डॉक्टरीणबाई, माणसासारखं इंजिनालाही टॉनिक लागतं," तो म्हणाला. "टाकीत तीन चमचे घाला, आतली सगळी घाण विरघळून जाईल."

अक्कांनी एक बाटली घेतली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, आधी टाकी रिकामी करून धुवा, कार्बोरेटर साफ करा, दर वेळी पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून भरा आणि मग औषध घाला. आम्ही दोघींनी सकाळभर खपून सगळं तसंच केलं. कार्बोरेटरमधलं बारीक भोक अक्कांनी इंजेक्शनच्या पिचकारीनं पेट्रोल मारून मोकळं केलं. गाडी अशी गुरगुरत निघाली की मी टाळ्याच पिटल्या. "अक्का, टॉनिक लागू पडलं!"

"टॉनिक की आंघोळ?" अक्का म्हणाल्या. "बघायला हवं."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी पेट्रोल गाळून भरलं, पण बाटलीला हात लावला नाही. गाडी तशीच छान चालली. नंतरचे पंधरा दिवस उलटं करायचं ठरवलं. तीन चमचे टॉनिक घातलं, पण पेट्रोल न गाळताच भरलं. आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी दुपारी फागण्याहून एकजण धावत आला. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल आडवं होतं. त्याला मागे बसवून आम्ही निघालो आणि गाव दिसायला लागलं तोच गाडीनं आचका दिला आणि ती थांबली.

अक्का खाली उतरल्या. पिशवी उचलली, काष्टा खोचला आणि चालायला लागल्या. चालत कसल्या, पळतच होत्या. मागून कपाशीची एक बैलगाडी आली, तिच्यात त्या माणसानं आम्हाला चढवलं. पोचलो तेव्हा बाई अर्धमेली झाली होती. अक्कांनी हात धुतले, "मी शे ना माय," म्हणाल्या आणि पोटावरून मूल हळूहळू फिरवून सरळ केलं. तासाभरानं मुलगी झाली. तिनं असा टाहो फोडला की अंगणातले बैल बुजले.

बाहेर आल्यावर अक्का ओट्यावर मटकन बसल्या. "परीक्षा मी घेत होते आणि जीव त्या बाईचा जात होता," त्या म्हणाल्या. "पुन्हा असा खेळ नाही करायचा." घाबरलेल्या अक्का मी त्याच एका दिवशी पाहिल्या.

महिन्याभरानं विक्रेता शिफारसपत्र मागायला आला. अक्का म्हणाल्या, "तुमच्या औषधानं गाडीचं काही बिघडलं नाही, पण गंजावर आणि पाण्यावर त्याचा इलाज चालत नाही." त्याचा चेहरा उतरला. तेव्हा अक्कांनी दौत ओढली आणि लिहून दिलं, 'या बाटलीसोबतचा कागद अत्यंत गुणकारी आहे. प्रत्येक मोटारवाल्यानं तो रोज पाळावा.' त्यानं वाचलं आणि तोही आमच्याबरोबर हसत सुटला. कागद घडी घालून खिशात ठेवला मात्र जपून.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, जुलाब झालेल्यांना आपण लाल औषध देतो आणि पाणी उकळून प्यायला सांगतो..."

"कळलं गं, कळलं!" त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी एका म्हातारीला त्यांनी नुसतंच सांगितलं, "आजी, पानी उकाळीसन पी." म्हातारी उठेचना. "बाटली कोठे शे? नुसतं पानी उकाळाले डॉक्टरीण कसाले लागस?" अक्कांनी हात जोडले आणि बाटली भरून दिली.

पुढे काही वर्षांनी अक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका सकाळी मुकटीहून बोलावणं आलं, तेव्हा त्या मोटारीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "चालव."

मी आवारात शिकले होते, रस्त्यावर कधी गेले नव्हते. गावाबाहेर पडून पारोळ्याच्या रस्त्याला लागलो, समोरून गुरांचा कळप आला, तो कसाबसा चुकवला. आता अक्का रागावणार म्हणून मी शेजारी पाहिलं.

अक्का मान कलती करून गाढ झोपल्या होत्या.