विचारायची गरज नाही

समुद्रात तेलाची विहीर कोणी एकट्याने खणत नाही. खाली तेल आहे की नुसतं खारं पाणी, हे खणल्याशिवाय कळत नाही, आणि एका कोरड्या विहिरीत अख्खी कंपनी बुडू शकते. म्हणून तीन-चार कंपन्या मिळून समुद्राचा एक तुकडा घेतात. त्यातली एक प्रत्यक्ष काम करते, तिला ऑपरेटर म्हणतात. बाकीच्या पैसे घालतात आणि प्रश्न विचारतात. मी वीस वर्षं या प्रश्न विचारणाऱ्या बाजूला नोकरी केली, आधी मुंबईत आणि अलीकडे नाशिकला, गंगापूर रोडच्या घरातल्या मागच्या खोलीत लॅपटॉप मांडून. करारांचं काम करते असं सांगितलं की सोसायटीतल्या बायकांना वाटायचं, मी भाडेकरार करून देते. दोघी-तिघींना करूनही दिले.

आमचे करार शे-दीडशे पानांचे असत. त्यांचा गाभा मात्र एवढाच, की ऑपरेटरने कोणती गोष्ट भागीदारांना विचारून करायची आणि कोणती न विचारता. त्यासाठी खर्चाची एक मर्यादा ठरवायची. तिच्या आतलं काम त्याने खुशाल करावं. वरचं असेल तर कागद पाठवावा, मग आम्ही मत देणार. या मर्यादेवरून आठवडेच्या आठवडे भांडणं चालत. ऑपरेटर म्हणे, मर्यादा वर न्या, प्रत्येक नटबोल्टला विचारत बसलो तर विहीर कधी खणू? आम्ही म्हणू, खाली आणा. यात माझा हातखंडा होता. समोरचे वकील दमून पाण्याचा ग्लास तोंडाला लावेपर्यंत मी आवाज न चढवता एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणत असे: आम्हाला विचारलं गेलं पाहिजे.

हे सगळं सांगायचं कारण माझा धाकटा भाऊ. तो निफाडजवळ आमची द्राक्षबाग बघतो. बाग दोघांच्या नावावर आहे. वडील गेल्यावर गावातल्या चार शहाण्यांनी मला हक्क सोडायला सुचवलं होतं, तेव्हा भावानेच त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. आणि तेव्हापासून तो मला रोज सकाळी साडेआठला बागेतून फोन करायला लागला.

"ताई, डावणीचा फवारा आज घेऊ का उद्या?"

डावणी हा द्राक्षाच्या पानांवर पडणारा रोग आहे, यापलीकडे मला त्यातलं काही कळत नाही.

"तुला काय वाटतं?"

"ढगं हायेत. आजच घ्यावा."

"मग घे."

"बरं," तो म्हणायचा, मी मोठा निवाडा दिल्यासारखं. त्यानंतर फोन ठेवायचं मात्र दोघांच्याही लक्षात राहत नसे. शेजारच्या उसात बिबट्याची मादी पिल्लांसकट दिसली, ड्रिपची नळी उंदरांनी पुन्हा कुरतडली, भावजयीने केलेल्या कुरडया उन्हात ठेवल्या आणि नेमकं आभाळ आलं, असं काय काय तो सांगत राही. मी हं हं करत मेल वाचत असे. कधी कधी चिडतही असे. पाच एकर बाग सांभाळणारा माणूस, दोन मुलांचा बाप, त्याला पाणी कधी द्यायचं हे बहिणीला विचारल्याशिवाय ठरवता येऊ नये?

मग एक दिवस व्हायचं ते झालं. भागीदारांची ऑनलाइन बैठक चालू होती. आणखी एक विहीर खणायची की नाही यावर मतदान होतं आणि आमच्या कंपनीचं मत मी द्यायचं होतं. फोन वाजला, मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजल्यावर काही वाईट तर घडलं नाही ना, म्हणून उचलला आणि लॅपटॉपचा माइक बंद करायला विसरले. भावाचा आवाज बागेत बोलायच्या सवयीचा. "ताई, घडांना पेपर यंदा लावायचा का?" थंडीत द्राक्षमणी गुलाबी पडू नयेत म्हणून घड कागदात गुंडाळतात, त्याबद्दल तो विचारत होता. चार देशांतल्या माणसांनी ते ऐकलं आणि माझं "लाव रे बाबा, लाव" हेही ऐकलं. कोणी हसलं नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

त्या रविवारी मी करार लिहायला बसले. भाऊ आणि मी यांच्यातला. अडीच पानांचा, साध्या मराठीत, पण बांधणी आमच्या धंद्यातलीच. भाऊ हा काम करणारा भागीदार. फवारणी, छाटणी, पाणी, मजूर, माल कोणाला द्यायचा, या कशासाठीही विचारायची गरज नाही. विचारायचं फक्त तीन बाबतींत: जमीन विकणे, नवीन बोअर घेणे, वेली मुळापासून काढणे. दर महिन्याच्या एक तारखेला अहवाल. खरं सांगते, मला ते लिहिताना फार मजा आली. आयुष्यात पहिल्यांदाच समोर वकील नव्हता.

प्रिंट काढून निफाडला घेऊन गेले. भाऊ मांडवाखाली तारा ताणत होता. हात पँटला पुसून तो बांधावर टेकला. "तू लिहिलंय म्हंजे बरोबरच आसंल," म्हणत पेन मागायला लागला. न वाचता सही करणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे, म्हणून मी त्याला सगळं वाचायला लावलं. ओठ हलवत तो वाचत गेला आणि दुसऱ्या पानावर थांबला.

"म्हंजे फोन करायचा नाय?"

"करायचा की. पण असल्या गोष्टी विचारायला नाही. तुझं तू ठरवायचं. तुला सगळं येतं रे."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने सही केली. भावजय पोहे घेऊन आली होती, ती ताटली हातात धरून आमच्या दोघांकडे बघत उभी होती. तेव्हा तिचा चेहरा मी नीट पाहायला हवा होता.

सोमवारी फोन आला नाही. तो आठवडा माझ्या कामाच्या दृष्टीने सोन्याचा गेला. एक तारखेला व्हॉट्सअॅपवर अहवाल आला. मुलीच्या वहीच्या पानावर सुबक अक्षरात लिहून त्याने त्याचा फोटो पाठवला होता. माझ्या कलमांच्याच क्रमाने: फवारणी, छाटणी, पाणी, मजूर, विक्री. एक ओळ कमी नाही, एक जास्त नाही. पुढच्या महिन्यातही तसाच, त्याच्या पुढच्याही. एवढा शिस्तीचा ऑपरेटर मला वीस वर्षांत भेटला नव्हता.

साडेआठ वाजता मी चहा घेऊन मागच्या खोलीत बसायची आणि फोनकडे बघायची. असं किती दिवस चाललं माहीत नाही. शेवटी एकदा मीच फोन केला. म्हटलं, "काय रे, कसं चाललंय?" तो म्हणाला, "सगळं ठीक हाय ताई. रिपोर्टात लिहितो." आवाजात राग नव्हता. तो रुसला असता तर मी निफाडला जाऊन त्याचे कान धरले असते आणि प्रश्न मिटला असता. तो फक्त ठरल्याप्रमाणे वागत होता. मी पुढे काय बोलू म्हणून शोधत राहिले, मागे पाण्याची मोटर चालू होती. बिबट्याच्या पिल्लांचं काय झालं हे मला विचारायचं होतं. ते सुचलं तोवर फोन ठेवून झाला होता.

आम्हा बहीण-भावाला नुसतं बोलता येत नाही, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. काहीतरी विचारायचं असलं की त्याच्या मागोमाग बाकीचं येतं. तो रोज जे विचारायचा ते त्याला माहीतच असायचं. मी दुसऱ्यांच्या टेबलाशी बसून विचारा, आम्हाला विचारा म्हणून भांडत आले, त्याचा पगार घेतला, त्यावर घर बांधलं. आणि मला आपणहून विचारणारा जगात एक माणूस होता, त्याला मी लेखी कळवलं की गरज नाही.

थंडीतला एक अहवाल आला. त्यात मजूर या शीर्षकाखाली लिहिलं होतं: 'दोन गडी जादा लावले, कारण मी सहा दिवस नव्हतो.' मी भावजयीला फोन केला. ती आधी घुटमळली, मग म्हणाली, "अपेंडिक्सचं आपरेशन झालं ना ताई त्यांचं. नाशकातच होतो आम्ही, कॉलेज रोडच्या मागं." ते हॉस्पिटल माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या आठवड्यात मी दोनदा तिथून भाजी घेऊन गेले होते.

"मला का नाही कळवलं?"

"मी म्हणले होते त्यांना. ते म्हणले, ताईच्या मीटिंगा आसतात. आन म्हणले, विचारण्यासारखं काय हाय त्यात, आपरेशन तर करायचंच हाय."

मी तशीच गाडी काढून निफाडला गेले. भाऊ खाटेवर उशीला टेकून बसला होता. मला बघून त्याने पाय आवरून जागा केली. मी रडले. आधी त्याला बोलले, मग रडले, मग परत बोलले. म्हटलं, तो कागद आण, फाडून टाकते. त्याने तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सातबाऱ्याबरोबर जपून ठेवला होता.

"कशाला फाडायचा ताई? लय कामाचा हाय. आधी मला भ्या वाटायचं, आपण ठरवलं आन चुकलं तर? आता नाय वाटत. पेपर, फवारा, समदं माझं मी बघतो. यंदा माल पाह्यलास का बागेत?"

मी पाहिला होता, येताना. इतकी देखणी बाग मी कधी पाहिली नव्हती.

आता यावर मी काय करावं? मला येतं तेच केलं. पेन काढलं आणि तीन विषयांखाली हाताने चौथा लिहिला: तब्येत. बाजूला दोघांनी सह्या केल्या. भावजय या वेळी हसली. मला वाटलं, जमलं.

एक तारखेला अहवाल आला. फवारणी, छाटणी, पाणी, मजूर, विक्री आणि सगळ्यात शेवटी नवं शीर्षक. तब्येत: ठीक.

तो एक शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. मग माझ्यासारख्या बाईने जे करू नये ते केलं, कुठलाही मसुदा न करता त्याला लिहिलं: 'मला तुझी फार आठवण येते रे. आधीसारखं काहीतरी विचारत जा ना.'

मेसेजवर निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर यायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली.

'काय विचारू ताई?'

त्याने खरंच विचार केला असणार, दिवसभर, बागेत फिरताना. मीही केला. मला एकही प्रश्न सुचला नाही.