गाडीच्या दरवाज्याची करकर

ग्रुपवाल्यांनो, आज मी जे करून बसलो ते सांगतो.

अंगणातल्या आमच्या जुन्या गाडीचे दरवाजे लय करकरत. नेहरू नगरची अख्खी गल्ली वळून पाहे, मले लाज वाटे. आई दोनदा म्हणाली, "राहू दे रे." कावून, हे मी विचारलंच नाही. सकाळी दरवाज्यांचे कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, घासले, ग्रीस भरलं. आवाज बंद. लय खुश होतो.

दुपारी आई ओरडली, "बाबा कुठी गेले?"

बाबा प्लांटमधून रिटायर झाले, पण आता त्यांले ते आठवत नाही. ड्यूटीची वेळ झाली असं वाटलं का गाडीत जाऊन बसतात. आजही तिथंच सापडले. काचा बंद, वरून मे महिन्याचं ऊन. अंग भट्टीसारखं तापलेलं, शुद्ध नाही.

आता दवाखान्यात बसून लिहून राहिलो. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

आई एवढंच बोलली, "दरवाजा करकरला का मी किचनमधून धावत जाऊन त्यांले घेऊन येत होती."

बाबा घरी यायच्या आधी मले तो आवाज वापस पाहिजे. ग्रीस पुरतं कसं काढतात, कोणाले माहीत असन तं सांगा.